खांबाला हात लावायचा नाही

आमच्या घरात एरंडेलाच्या दोन बाटल्या असत. एक आईची, आम्हा भावंडांची पोटं साफ ठेवायला, आणि दुसरी माझी, मल्लखांबाला लावायला. आईची फडताळात आणि माझी मोरीवरच्या फळीवर. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, तिच्यात आई, बाबा, मी आणि धाकटी शालू. शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी पाहुणा वळकटीसारखा कोपऱ्यात कायम. एवढ्या जागेत माझ्या अंगाला येणारा तो एरंडेलाचा वास सगळ्यांच्या जेवणात उतरायचा. आई म्हणायची, "ह्याका ताटावर बसवू नको, दिव्यात घाल, पेटतलो." बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात राहून त्यांना घरातही ओरडून बोलायची सवय लागलेली. आई त्यांच्यावर ताण करायची आणि दोघांच्या मध्ये गिरणीचा भोंगा. आमच्याकडे गुपित म्हणून काही राहातच नसे, चार खोल्यांपर्यंत सगळं ऐकू जाई.

आखाडा आमच्या गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. मधोमध माती भुसभुशीत केलेला हौदा आणि त्यात पुरलेला सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता, टोकाला बोंड. शिकवायला अप्पा यायचे. हे गिरगावातले, कचेरीत कारकून, भाषा एकदम शुद्ध, धोतराची निरीही शुद्ध. ते रोज कचेरी सुटल्यावर लालबागेत यायचे आणि आम्हा मालवणी पोरांना खांबावर चढवायचे. मला खांबाचं वेडच लागलं होतं. पायांची अढी मारून, हात सोडून, उलटं लोंबकळत जग बघायचं, ते सुख मला पुढे कशातच मिळालं नाही, लग्नातही नाही (हे प्रकरण बायको वाचणार आहे, वाचू दे). दसऱ्याला खांबाची पूजा आणि मग प्रात्यक्षिकं. त्या वर्षी आईला मीच आग्रहाने नेलं. ती आयुष्यात पहिल्यांदा आखाड्यात आली, पुढे बसली, आणि मी बोंडावरून उडी घेऊन खाली अढी मारायची ती नेमकी चुकलो. हौद्यात पडलो असतो तर माती झटकून उठलो असतो. पडलो तो हौद्याच्या दगडी काठावर, डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण आईला आला. ती पुढे कित्येक वर्षं सुकं लाकूड मोडलं तरी दचकायची.

इस्पितळात प्लास्टर घातलं. चाळीत त्या प्लास्टरवर कोणाचा विश्वास नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकू आंबेहळदीचा लेप घेऊन आल्या, तो लावायचा कुठे, तर प्लास्टरवरून. हाड जोडायला खेकड्यांचा रस्सा उत्तम असं कोणीतरी सांगितलं, म्हणून बाबा शीव कोळीवाड्याहून जिवंत खेकडे घेऊन आले. त्यातला एक निसटून पाहुण्याच्या ट्रंकेमागे गेला आणि पाहुणा त्या रात्री गॅलरीत झोपला. मला ते सगळं छान वाटत होतं. बिघडलं ते पुढे. प्लास्टर निघायच्या आत आईने जाहीर केलं, "हात बरो झालो की देवाक नारळ. आणि ह्यो परत त्या खांबाच्या वाटेक जावचो नाय. तात्यांका सांगून गाऱ्हाणा घालतंय."

तात्या परब म्हणजे चाळीचं तोंड. गिरणीत घडी खात्यात काम, पण खरा धंदा गाऱ्हाणं घालण्याचा. मालवणी माणसाने देवाशी एकट्याने बोलायचं नसतं. एक मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने देवाला मोठमोठ्याने सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतात. तात्यांचा आवाज असा की देवाला बहिरेपण असतं तरी चाललं असतं. त्या दिवशी ते गिरणीच्या दारावरची सभा आटोपून तडक आमच्या गॅलरीत आले होते. घसा तापलेला, दाढी वाढलेली. मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय दाढी करणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. तेव्हा गिरणगावात असल्या शपथांचा सुकाळ होता. कोणी चपला सोडल्या, कोणी चहा सोडला. आमच्या मजल्यावरच्या एकाने दारू सोडल्याचं सांगितलं होतं, त्याचं काही खरं नव्हतं. गावाच्या दिशेला नारळ ठेवला. चाळ जमली. मी गळ्यात हात अडकवून मध्ये उभा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो काय नारळ तुझ्यापुढे ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराचो मोडलेलो हात होतो तसो जोडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हात जोडलो, तरी ह्यो पोरगो खांबाक हात लावूचो नाय रे..."

इथे बाबा खोकले. बाबांना माझ्या मल्लखांबाचा अभिमान होता, पण आईपुढे बोलायची छाती नव्हती, म्हणून ते खोकले. तात्यांनी एक डोळा उघडला. बाबांनी मान हलवली, कायमचं नको. तात्या अडकले. वाक्य अर्धं देवापर्यंत पोचलेलं, ते मागे कसं घ्यायचं? त्याला कुठेतरी मुदत घालायला हवी होती, आणि तात्यांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच मुदत होती. "हात लावूचो नाय, हात लावूचो नाय... मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र होईसर हात लावूचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" चाळ अशी गरजली की रस्त्यावरची माणसं थांबली. सवयीने मीही ओरडलो, चांगला बेंबीच्या देठापासून. ओरडल्यावर आपण काय म्हणालो ते माझ्या लक्षात आलं, तोवर नारळ फुटला होता आणि शालू खोबरं खात होती.

दीड-दोन महिन्यांत हात जोडला गेला. महाराष्ट्राचं तसं नव्हतं. प्लास्टर काढलं तेव्हा आतून निघाला तो हात माझा नव्हेच. पडवळासारखा बारीक, पांढरा, मनगट वळत नाही, मूठ आवळत नाही. मी रडत अप्पांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. देवापुढचा शब्द मोड असं ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. "तुमची मालवणी दैवतं फार कडक असतात म्हणे," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसून विचारलं, "अनंता, शब्द नेमके काय होते?"

"खांबाला हात लावायचा नाही."

"बरं. जमिनीला हात लावायचा नाही असं नाही ना?"

"नाही."

"मग जमिनीला लाव. जोर काढायला लाग. खांब कुठे पळून जात नाही."

म्हणून मी रोज आखाड्यात जायचो आणि खांबापासून दोन हात लांब उभा राहून जोर-बैठका काढायचो. माझा दोस्त वसू माझ्या जागी उड्या मारायचा आणि मी खालून त्याच्या चुका काढायचो. तो वैतागून म्हणायचा, "ए, तू काय रेफ्री आहेस काय रे?" घरी आईने मनगटाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. तिचं म्हणणं, हात मजबूत व्हायला हवाच, फक्त खांबासाठी नको. मग पाट्यावरचं सगळं वाटण माझ्याकडे आलं, आणि तेही डाव्या हाताने. नारळ खवायचा मी, ओलं लुगडं पिळायचं मी. हल्ली माझा गुडघा दुखतो म्हणून एक मुलगी घरी येऊन मला रबराची पट्टी ओढायला लावते आणि त्याचे पैसे घेते. आईने फुकटात करून घेतलं, वर मसाला वाटून झाला. अढी विसरू नये म्हणून मी गुंडाळलेली वळकटी भिंतीशी उभी करून तिला पाय आवळून लोंबकळायचो. एकदा वळकटीसकट शालूवर कोसळलो. तिने इतका आकांत केला की खालच्या मजल्यावरून माणसं वर आली.

पण खरा छळ वेगळाच होता. तात्यांनी घाईत म्हटलं होतं "खांबाक". मल्लखांबाक म्हटलं नव्हतं. आईच्या लेखी खांब म्हणजे खांब. गॅलरीच्या लाकडी खांबाला मी टेकलो की ती आतून ओरडायची, "अंतू, हात काढ!" रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला नाही, बसच्या पाटीच्या खांबाला नाही. मग काय, चाळीतल्या पोरांना खेळच मिळाला. मी जिन्यातून उतरताना तोल सांभाळायला कुठे हात घातला की चहूकडून "ए, खांब! खांब!" वसूने एकदा डोकं चालवलं की दोराचा मल्लखांब असतो, त्याला तर खांब नसतोच, अंतूला दोरावर चढवू. आम्ही तात्यांकडे निवाडा मागायला गेलो. तात्यांनी दाढी कुरवाळून सांगितलं, "खांब तो खांब, दोरी ती दोरी. चडाक हरकत नाय." आईने तो निवाडा पाण्याच्या नळावर ऐकला आणि तिथूनच सुनावलं, "देवाक वकिली शिकवू नकात!" संपला विषय.

तेव्हा मला एकच वाट उरली, ती म्हणजे संयुक्त महाराष्ट्र. अहो, त्या चळवळीत अनेकांनी अनेक कारणांनी उडी घेतली असेल, पण मल्लखांबासाठी घेणारा मी एकटाच. सकाळी वाचनालयात पहिला मी. पेपरातली दिल्लीची बातमी मी चाळीला मोठ्याने वाचून दाखवायचो. प्रभातफेरीत पुढे, पत्रकं वाटण्यात पुढे. परळच्या नाक्यावर भाषण करून उतरणाऱ्या वक्त्याला गाठून मी विचारायचो, "साहेब, नक्की कधी होणार?" मोठी माणसं माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "बघा, एवढासा पोरगा, पण तळमळ केवढी!" दादरला शिवाजी पार्कच्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढारी दिसावेत म्हणून पोरंटोरं भराभर दिव्याच्या खांबांवर चढली. ज्यांना धड झाडावर चढता येत नाही तेही चढले. आणि लालबागच्या आखाड्यातला पहिल्या नंबरचा गडी खाली उभा राहून अख्खं भाषण एका गृहस्थाच्या टोपीकडे बघत ऐकत होता. मला इतका संताप आला होता की आजही त्या टोपीवरचा डाग आठवतो.

आईही मोर्चांना जायची. बायकांच्या मोर्चात लाटणं उंच धरून घोषणा देताना तिचा आवाज तात्यांच्या खालोखाल. घसा बसवून घरी यायची, मिठाच्या गुळण्या करायची आणि कुळथाच्या पिठीला फोडणी द्यायची. एकदा दिल्लीतून काहीतरी चांगली बातमी आली, मी नाचत घरी आलो. म्हटलं, "आये, होतलो गो महाराष्ट्र, आता लवकर होतलो!" ती भाकरी थापत होती. हात थांबला. "होतलो रे," ती म्हणाली, "पण घाई कसली?" आणि पुन्हा थापायला लागली. तेव्हा मला कळलं की एकाच मोर्चात आम्ही माय-लेक चालतोय खरे, पण हिला मुक्कामाला पोचायची भीती वाटतेय. मला तिचा राग आला. वर्ष होऊन गेलं होतं, मिसरूड फुटत होतं, माझ्या मागून आलेली पोरं बोंडावर उभी राहायला लागली होती. खांबावर चढायचं वय निघून चाललं होतं आणि ते हिला दिसत नव्हतं.

मग तात्या अडकले. आमच्या गल्लीत संध्याकाळी सभा होती. कापडी फलक आडवा बांधायचा होता, आणि दुसऱ्या कोणी बांधलेला तात्यांना पसंत पडत नसे. गॅसबत्तीच्या बिडाच्या खांबाला त्यांनी बांबूची शिडी लावली, वर गेले, फलकाची दोरी दातात धरली आणि खांबाच्या वरच्या आडव्या दांडीला हात घातला. शिडी जुनी. ती मधोमध मोडून खाली आली आणि तात्या दांडीला लोंबकळत वर राहिले. धोतराचा सोगा दांडीच्या आकड्यात गुंतला, म्हणून निदान खाली आले नाहीत. देह भारदस्त, दाढी वाऱ्यावर. खाली दगडी फरसबंदी. गल्ली जमली. एकावर एक माणसं उभी करून बघितली, तर तात्यांनी घाबरून झाडलेली लाथ वरच्या माणसाच्या तोंडावर बसली. वसू चढला, अर्ध्यावरून घसरून आला, बिडाच्या गुळगुळीत खांबावर त्याची अढी टिकेना. कोणी म्हणालं बंब बोलवा, आणि बंब येईपर्यंत हात सुटतील असंही तोच म्हणाला. मग हळूहळू सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

मी हात मागे बांधून उभा होतो. खरं सांगतो, पाय आतून उडत होते.

"अंतू, चड रे!" वरून तात्या.

"तात्यानू, शब्द कोणाचो?" मी.

तात्यांनी वरच्या वर गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराक त्या शब्दातून मोकळो कर रे म्हाराजा!" गल्लीने टोप्या सावरत साथ दिली, "व्हय म्हाराजा!" "चूक माझी, लवकर मोकळो कर रे म्हाराजा, हात सुटतत रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!!" लोक हसत होते, पण तात्यांची पकड खरंच सुटत चालली होती. मी पाऊल उचललं नाही. मी आईला शोधत होतो.

आई जिन्यावरून पदर खोचत खाली आली. सगळे बाजूला झाले. तिने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा दसऱ्याच्या दिवशी झाला होता तसा झाला. "गप ऱ्हवा तात्यानू," ती म्हणाली, "शब्द मी मागलंय, तो तुमका सोडवूक येवचो नाय." मग माझ्याकडे वळून, एकदम हळू, आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं इतक्या हळू म्हणाली, "पाप माका लागात. तू चड."

कोणीतरी जाड दोरी आणली, तिचं टोक दातात धरून मी चढलो. बीड गार होतं. दोन पकडीत कळलं की पाय काही विसरलेले नाहीत, वळकटीने आणि बैठकांनी ते राखून ठेवले होते. डावं मनगट मात्र कुरकुरलं. अढी आवळली, हात सोडले, तात्यांच्या काखेतून दोरी घेतली, खांबाला वेढा दिला आणि टोक खाली सोडलं. सोगा आकड्यातून सुटेना, म्हणून फाडला, तसं उरलेलं धोतरही सुटलं. माणसांनी दोरी धरून तात्यांना गिरणीतल्या गठ्ठ्यासारखं हळूहळू खाली उतरवलं, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत. फलक मीच बांधला. खाली बघितलं तर आईने खांबाचा बुंधा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, जसं काही तो तिच्याच जोरावर उभा होता. ती वर माझ्याकडे बघत होती. मी उतरेपर्यंत तिने नजर काढली नाही. उतरलो तशी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "उद्या आखाड्यात जा."

"आणि देवाचा काय?"

"ता मी बघतंय. महाराष्ट्र काय तुझ्या हातावर अडलेलो नाय."

मी त्या आनंदात पुढचं काही विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी जेवताना लक्षात आलं. बांगड्याचं तिखलं आमच्या ताटात आणि आईच्या ताटात भात आणि पिठी. विचारलं तर म्हणाली पोट बरं नाही. आठवड्यानेही पोट बरं नव्हतं. शेवटी बाबांनी, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं, म्हणजे शेजारी दोन खोल्यांना ऐकू गेलं, "तिना शब्द आपणावर घेतल्यान. महाराष्ट्र होईसर मासळी सोडल्यान." ज्यांना आमचे लोक माहीत आहेत त्यांना यातला अर्थ सांगायला नको. आई एक वेळ बाबांना सोडून गावी राहिली असती, मासळीला सोडून नाही. बांगड्याचं डोकं ती अशी चोखायची की मांजर येऊन निराश होऊन जायचं.

आखाड्यात परत गेलो ते सोपं गेलं असं समजू नका. मी वीतभर वाढलो होतो, वजन वाढलं होतं, आणि बोंडावर गेलं की दगडी काठ दिसायचा. पहिल्या महिन्यात तर रोज सोडावंसं वाटायचं. डाव्या हातावर भार आला की घाम फुटायचा, लहान पोरं सरसर वर जायची आणि मी मध्येच थबकायचो. पण खाडा करायची सोय राहिली नव्हती. घरी चुलीवर सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं कालवण रटरटत असायचं, आई ते ढवळत असायची आणि स्वतःसाठी बाजूला ताकात भात कालवायची. ते बघून आलेल्या पोराने "आज कंटाळा आला" कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझी खूप चिडचिड व्हायची. तिने मला एकदा बांधलं होतं त्याहून हे बांधणं वाईट होतं, आणि ती तर तोंडातून ब्र काढत नव्हती. बातम्या मी अजूनही रोज वाचायचो. आता ती "घाई कसली" म्हणायची नाही. एकदा तर तिनेच विचारलं, "काय म्हणता दिल्ली?"

पुढच्या वर्षी राज्य झालं, मुंबईसकट. गल्लीत पताका, पेढे, ढोल. तात्यांनी भर रस्त्यात खुर्ची टाकून न्हाव्याकडून दाढी करून घेतली. आतून जे तोंड निघालं ते अर्ध्या पोरांनी ओळखलं नाही. आखाड्याने नाक्यावर खांब रोवून प्रात्यक्षिकं केली. बोंडावरून ती उडी मी पुन्हा मारली आणि अढी बसली. अप्पांनी चष्मा काढून पुसला. आई पुढे बसली होती, हे मी उलटा लोंबकळताना पाहिलं.

दुपारी बाबांनी करी रोडच्या बाजारातून सुरमई आणली, घरात जेवढी माणसं होती त्याच्या दुप्पट. मी आणि शालूने आईला हात लावू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण तिने आम्हाला ढकलून दिलं आणि स्वतःच कालवण केलं. त्या दिवशी तिचं ताट पहिलं वाढलं. आम्ही सगळे आपापला घास हातात धरून तिच्याकडे बघत बसलो. तिने भातात कालवण घेतलं, सुरमईचा तुकडा मोडला, देवाचं नाव घेतलं आणि तोंडात घातला. चावता चावता थांबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"खारट झाला."

तिने बोटाने रस पुन्हा चाखला. "खारट म्हणजे काय, मीठच झाला! आज माझो हात असो कसो पडलो?" मग तिने आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. शालूने नजर ताटात घातली. पाहुणा उगीच पाणी प्यायला. आईला हळूहळू समजत गेलं. एवढे दिवस ती न चाखता रांधत होती, आणि मीठ अंदाजाने पडत होतं.

"रोज असाच होता?"

"नाय," बाबा म्हणाले, "आज जरा कमी खारट आसा."

"आणि तुमी सगळे ता खात होतात? मेल्यांनू, माका एका शब्दान कोणी सांगलास नाय?"

बाबांनी घास ताटात ठेवला. "तू खायत नाय होतस," ते म्हणाले. "आमी खंयच्या तोंडान सांगतलंव?"

आई उठली, नारळ फोडला, खवला, रस काढून कालवणात ओतला, एक उकळी आणली आणि चाखून बघितलं. मग आमच्या सगळ्यांच्या ताटात नव्याने वाढलं, आणि स्वतःला सुरमईचं डोकं घेतलं.